प्रकल्प बंद करू नका, वर्गात आणा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतले प्रकल्प म्हणजे पालकांचा गृहपाठ झाला आहे, ते बंदच करून टाका, अशा आशयाची पत्रं आपल्या सदरात वाचली. त्यातलं दुखणं खरं आहे. रात्री उशिरापर्यंत थर्माकोल कापत बसलेली आई आणि शेजारी पेंगणारं मूल, यात कुणाचंच शिक्षण होत नाही. पण म्हणून प्रकल्पच नकोत, हे मला पटत नाही. तो घरातून उचलून वर्गात आणावा आणि सजावटीऐवजी वाचनाचा करावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. मी माध्यमिक वर्गांना भाषा शिकवते. इतर विषयांबद्दल त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी लिहावं. मी कथेतल्या पात्राच्या स्वभावचित्रणापुरतंच लिहिते, कारण गटात बसून शिकण्याजोगं याहून चांगलं काही भाषेच्या तासाला मला सापडलेलं नाही.

सध्या काय चालतं? प्रश्नपत्रिकेत 'अमक्या पात्राचे स्वभावचित्रण करा' असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आधीपासून ठरलेलं असतं: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. गाइडमध्ये प्रत्येक विशेषणाखाली दोन-दोन ओळी असतात, मुलं त्या पाठ करतात. पात्राचं नाव बदललं तरी उत्तर चालून जाईल, इतकं ते गुळगुळीत असतं. प्रकल्पातही तेच उतरतं. एका शाळेच्या प्रदर्शनात मी एका कथेवरचा तक्ता पाहिला होता. मधोमध नायिकेचं चित्र, भोवती रंगीत कागदाच्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर एकेक गुण. हस्ताक्षर सुरेख होतं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, "ही कष्टाळू आहे हे कथेत कुठे कळतं गं?" तिने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. त्या मुलीला मी दोष देणार नाही. तक्ता तयार होईपर्यंत हा प्रश्न तिला एकदाही कुणी विचारला नव्हता.

गटच का, हे आधी सांगते. माणूस ओळखण्याचं काम आपण एरवीही एकट्याने करत नाही. नवीन कुणी भेटलं की आपलं एक मत होतं. मग दुसरं कुणी म्हणतं, "छे, तो तसा नाहीये," आणि आपण त्या माणसाचं वागणं नव्याने आठवून बघतो. कथा एकट्याने वाचणारं मूल पहिल्या मतापाशी थांबतं. गटात कुणीतरी "कशावरून?" म्हणतं आणि मिटलेलं पुस्तक उघडावं लागतं. ते उघडलं जावं यासाठीच माझा सगळा खटाटोप असतो.

यासाठी मी बहुतेक वेळा मोपासाँची एक कथा घेते. १८८४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा इंग्रजीत 'द नेकलेस' म्हणून ओळखली जाते. अनेक वाचकांनी ती कुठल्या ना कुठल्या इयत्तेत वाचली असेल. मातिल्द लुआझेल ही शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाची बायको. मंत्र्यांकडच्या समारंभाचं आमंत्रण येतं. ती नवा पोशाख करून घेते, मादाम फोरेस्तिए या श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते आणि घरी परतल्यावर हार गळ्यात नसल्याचं तिच्या लक्षात येतं. नवरा-बायको ३६,००० फ्रँक मोजून तसाच दुसरा हार घेतात, मैत्रिणीला परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत राहतात. शेवटी कळतं की मूळचा हार नकली होता, फार तर ५०० फ्रँकचा.

पहिलं वाचन संपलं की वर्गाचा निकाल तयार असतो. मातिल्द हावरट, नवरा बिचारा, मैत्रीण चांगली. इथे मी एक बंधन घालते: पहिल्या तासाला विशेषण वापरायचं नाही. 'हावरट' नाही आणि 'बिचारा'ही नाही. फक्त कथेतली वाक्यं शोधून वहीत उतरवायची. पात्र काय बोललं, त्याने काय केलं, त्याच्या मनात काय आलं, इतर लोक त्याच्याशी कसे वागले आणि निवेदक स्वतः काय सांगतो. प्रत्येक वाक्यापुढे ते कुणाच्या तोंडचं, हेही लिहायचं. मुलांना हे शेवटचं काम उगाच वाटतं. पण पात्राने स्वतःबद्दल केलेलं विधान, दुसऱ्याने रागाच्या भरात काढलेले उद्गार आणि निवेदकाने शांतपणे सांगितलेली गोष्ट यांना सारखंच वजन देता येत नाही, हे त्यांना याच रकान्यातून कळायला लागतं.

नवऱ्यावर काम करणाऱ्या एका गटाची गोष्ट सांगते. सुरुवातीला त्यांना हवी तशीच वाक्यं मिळत गेली. मित्रांबरोबर शिकारीला जाण्यासाठी बंदूक घ्यायची म्हणून त्याने बाजूला ठेवलेले ४०० फ्रँक तो बायकोच्या पोशाखासाठी देऊन टाकतो. समारंभात ती नाचत असते आणि हा मध्यरात्रीपासून बाजूच्या एका दालनात झोपलेला असतो. हार हरवल्याचं कळताच दमलेला असूनही तो आल्या वाटेने पायी शोधत जातो. मग पोलीस, वर्तमानपत्रं, घोडागाड्यांची कचेरी, सगळीकडे फिरतो. 'बिचारा' शब्द वहीत यायला आतुर झाला होता. तेवढ्यात एका मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. हाराचा आकडा तुटला आहे, तो दुरुस्तीला दिला आहे, असं मैत्रिणीला कळव, हे नवराच सुचवतो. तो सांगतो आणि मातिल्द तसं लिहिते. मुलगी म्हणाली, "म्हणजे खोटं बोलायचं आधी कोणी ठरवलं?"

त्या गटात नंतर जे झालं त्यासाठी मी शिक्षकी पेशात आहे. एक मुलगा म्हणाला, त्याला शोधायला वेळ हवा होता म्हणून त्याने तसं सांगितलं. दुसरा म्हणाला, त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर फोरेस्तिए म्हणाली असती की अगं, तो खोटाच होता, आणि दहा वर्षं वाचली असती. पहिला चिडला, "पण हे त्यांना कसं माहीत असणार?" हा मुद्दा बिनतोड होता. पात्राला न्याय देताना वाचकाला ठाऊक असलेलं आणि पात्राला ठाऊक असलेलं वेगळं ठेवावं लागतं, हे मी फळ्यावर लिहून कधी कुणाला समजलं नसतं. तास संपला तेव्हा त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं: 'तो बायकोसाठी सगळं करतो, पण तिला खरं बोलायला मदत करत नाही.' असं वाक्य कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

फोरेस्तिए ज्या गटाकडे जाते त्यांना आपलं काम सोपं वाटतं, कारण तिच्या वाट्याला कथेत ओळीच थोड्या आहेत. हार परत मिळतो तेव्हा ती जरा तुटकपणे म्हणते की तू तो लवकर आणायला हवा होतास, मला लागला असता. आणि ती पेटी उघडून बघत नाही. वाचताना अडखळणारा एक मुलगा या गटात होता. कथा मोठ्याने वाचली तेव्हा त्याने ही गोष्ट ऐकून लक्षात ठेवली होती. त्याने विचारलं, "बाई, हार नकली आहे हे तिला माहीत होतं. मग देताना का नाही सांगितलं?" गटातल्या एकीला वाटलं, तिला ते सांगण्यासारखं मोठं वाटलंच नसेल. दुसरीला वाटलं, श्रीमंत बाई खोटे दागिने वापरते हे तिला कळू द्यायचं नसेल. कथा उत्तर देत नाही. पण शेवटच्या पानावर हीच बाई हेलावून मातिल्दचे दोन्ही हात हातात घेते आणि सगळं खरं सांगून टाकते. गटाने ती दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली आणि 'चांगली मैत्रीण' हा शेरा स्वतःहून खोडला. वाचनात मागे असलेलं मूल गटात नुसतं चित्र रंगवायला ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. त्या मुलाला त्या दिवशी रंगपेटी दिली असती, तर हा प्रश्न वर्गात आलाच नसता.

सगळ्यात अवघड काम मातिल्दच्या गटाचं. तिच्याबद्दल इतकं लिहिलेलं आहे की निवड करावी लागते. पहिल्या भागात ती आमंत्रण टेबलावर भिरकावते, फुलं माळून जायला नकार देते. समारंभाहून निघताना नवऱ्याने खांद्यावर टाकलेला साधा शालवजा कपडा फर पांघरलेल्या बायकांना दिसू नये म्हणून त्याचं न ऐकता घाईघाईने जिना उतरते. दुसऱ्या भागात तीच मातिल्द मोलकरीण काढून टाकते, माळ्यावरच्या खोलीत राहायला जाते, भांडी घासते, पाणी वर वाहून नेते आणि पै-पैसाठी दुकानदारांशी हुज्जत घालते. ही बाई एकच की दोन? इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी विभागणी मांडली. पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का, ही त्यांची कसोटी. मी ही नावं मुलांना आधी सांगत नाही. चकित होऊन झाल्यावर सांगते, म्हणजे नाव कशाचं आहे ते त्यांना ठाऊक असतं.

शेवटच्या भेटीत मातिल्द मैत्रिणीला सांगते की तुझ्या हाराच्या बदल्यात आम्ही दुसरा घेऊन दिला होता, आणि तुझ्या लक्षातही आलं नाही. ते सांगताना ती अभिमानाने, भाबडेपणाने हसते. हा अभिमान जुनाच की कष्टातून आलेला नवा? यावर एक गट अख्खा तास भांडला. पुढच्या वर्षी वेगळ्या मुलांच्या गटातही हेच भांडण झालं. मला दोन्ही बाजू पटल्या आणि मी तसं सांगितलं. शिक्षिकेचं एकच उत्तर तयार नसतं, हे पाहून मुलं अधिक नेटाने पुस्तकात शिरतात.

म्हणून मी प्रत्येक गटाकडून मतभेदाचं एक पान मागते. आपलं कशावर जुळलं नाही आणि दोन्ही बाजूंना कथेतली कोणती वाक्यं आहेत, ते त्यावर लिहायचं. 'आमचं सगळ्यावर एकमत झालं' असं सांगणाऱ्या गटाला मी पुन्हा वाचायला बसवते. तक्ते, चित्रं, मुखपृष्ठं करायला माझी हरकत नाही, हौस असेल त्यांनी जरूर करावीत. गुण मात्र या पानाला.

त्यानंतर एक तास खुर्चीचा. गटातलं एक मूल पात्र होऊन वर्गासमोर बसतं आणि बाकीचे प्रश्न विचारतात. पुस्तक घेऊन दोघं शेजारी बसतात. उत्तर कथेशी विसंगत वाटलं की ते हात वर करून ओळ वाचून दाखवतात. ही जागा सगळ्यांना हवीशी वाटते. मी ती शक्यतो कमी बोलणाऱ्या मुलांना देते, कारण स्वतःबद्दल बोलायला लाजणारं मूल दुसऱ्याच्या नावाने पुष्कळ बोलतं. लुआझेल झालेल्या एका अबोल मुलाला कुणीतरी विचारलं, "बंदूक घेता आली नाही याचं वाईट वाटलं का?" तो बराच वेळ थांबून म्हणाला, "वाटलं. पण तिला सांगितलं नाही." शेजारच्या दोघांनी पानं उलटली. विरुद्ध काही सापडलं नाही. पैसे द्यायची वेळ येते तेव्हा लुआझेलचा चेहरा किंचित उतरतो, एवढं मात्र कथेत आहे.

गटाची रचना सैल सोडली तर यातलं काही होत नाही, हेही मान्य करायला हवं. माणसांची संख्या वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे फ्रेंच कृषी-अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि आरोळ्यांच्या प्रयोगात तेच पाहिलं. आठ जणांच्या गटात दोघं काम करतात आणि सहा जण नाव लिहितात, हे कुठल्याही शिक्षकाला प्रयोगाविना ठाऊक आहे. म्हणून गट चौघांचाच असावा. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं की झाला गट, बाकं हलवावी लागत नाहीत.

शिवाय चौघांकडे चार वेगळी कामं हवीत. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी यासाठीच 'जिगसॉ' पद्धत तयार केली. तिथल्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि वर्गात तणाव होता. त्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. आपल्याजवळचा तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नाही म्हटल्यावर सगळ्यांना एकमेकांचं ऐकणं भाग पडलं. स्वभावचित्रणात हे फार सहज बसतं. एकाने पात्राचं बोलणं बघायचं, दुसऱ्याने कृती, तिसऱ्याने मनातलं, चौथ्याने इतरांचं वागणं. सगळ्या गटांतले 'बोलणं'वाले आधी एकत्र बसतात, टिपणं ताडून बघतात आणि आपापल्या गटात परततात. एक सावधगिरी मात्र ठेवावी. कथा स्वतः तुकड्यांत वाटू नये. ती सगळ्यांनी सलग, पूर्ण, शक्यतो मोठ्याने ऐकलेली असावी. वाटायचं ते शोधण्याचं काम.

आणि शेवटचं लिखाण एकट्याचं. गटात कितीही चर्चा झाली तरी प्रत्येकाने आपला परिच्छेद वर्गातच, आपल्या शब्दांत लिहायचा. गटाच्या मताशी न जुळणारं मत असेल तर तेही लिहायचं, आधार दिला की झालं. यामुळे कुणाचं किती शिकून झालं ते कळतं आणि घरी न्यायला काही उरत नाही. पालकांना माझी विनंती आहे, मुलाने अशी कथा घरी आणली तर ती तुम्हीही वाचा आणि त्याच्याशी वाद घाला. कात्री आणि डिंक लागणार नाही.

सहकारी शिक्षक म्हणतील, पोर्शन कधी संपवायचा? त्यांची अडचण मी रोज जगते. एका कथेला असे चार-पाच तास जातात. प्रत्येक कथेला ते देता येणार नाहीत, द्यायची गरजही नाही. सत्रात एका कथेला द्यावेत. पुढच्या कथेच्या वेळी मुलं आपणहून विचारतात, "हे कोण म्हणतंय, निवेदक की पात्र?" आणि पुढचं शिकवणं भरभर होतं. वर्गात आवाज होतो, तो होऊ द्यावा. गटांमधून फिरताना कुठला आवाज वादाचा आणि कुठला गप्पांचा, हे लगेच ओळखू येतं.

पण वर्गातली ही मेहनत परीक्षेच्या प्रश्नापाशी येऊन अडते, म्हणूनच हे पत्र वर्तमानपत्राला लिहिते आहे. 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाला विशेषणांची यादी पुरते, तोवर मुलं गाइडच वाचणार आणि शिक्षकही तेच उतरवून देणार. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रश्न बदला. 'हार हरवल्यावर लुआझेलने मैत्रिणीला खरे का कळवले नसेल? कथेतील दोन आधार देऊन लिहा.' असा प्रश्न आला तर पाठ केलेलं उत्तर चालणार नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना स्पष्ट सूचना असावी की आधार कथेतला असेल तर मत वेगळं असलं म्हणून गुण कापायचे नाहीत. या दोन गोष्टींना साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, नवीन पुस्तकंही छापावी लागत नाहीत.

आपल्याकडेही एक मागणं आहे. मुलांच्या पुरवणीत आपण कथा छापता आणि खाली तात्पर्य देता. त्या जागी महिन्यातून एकदा तरी पात्राबद्दलचा एखादा प्रश्न छापावा आणि मुलांकडून आधारासह उत्तरं मागवावीत. एकमेकांशी न पटणारी दोन उत्तरं पुढच्या अंकात शेजारी शेजारी द्यावीत. पहिल्या अंकासाठी उत्तरं कमी पडली, तर माझ्या वर्गातल्या मतभेदाच्या पानांतली काही मुलांच्या आणि पालकांच्या परवानगीने पाठवायला मी तयार आहे.

आपली,
माध्यमिक शाळेतील एक भाषा शिक्षिका